ओढकामाच्या ट्रॅक्टरसाठी भारी क्लच : निवड कशी करावी?

सोयाबीनची सोंगणी आटोपली आणि मळणी यंत्रांची घरघर सुरू झाली, की जानेफळच्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हे गाव मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या वाटेवर वसले आहे. आपल्या जिल्ह्याचे लोकव्यवहारात दोन भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मेहकर घाटावर, तर कापसाची जुनी पेठ म्हणून नावाजलेले खामगाव घाटाखाली. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला, तेव्हा घाटावरचा कापूस बैलगाड्यांतून उतरत असे. चढ-उताराच्या जागी बैल हाकणारा गडी खाली उतरून जनावरांना दम देई. आता तो भार ट्रॅक्टर ओढतो. परंतु दम द्यावा लागतो तो ट्रॅक्टरलाही, आणि तो देण्याचे काम क्लच नावाचा एक भाग करीत असतो, ही गोष्ट मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही.

गेल्या हंगामात जानेफळ परिसरातील एक शेतकरी बंधू भेटावयास आले. त्यांचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा. स्वतःची शेती बेताची, म्हणून ते इतरांचा माल वाहून देण्याचे काम करतात व त्यावर कर्जाचे हप्ते भागवितात. दोन हंगामांत त्यांच्या दोन क्लचप्लेटा जळाल्या होत्या. दुसऱ्या वेळी तर भरली ट्रॉली चढावर असतानाच क्लचने दगा दिला. इंजिन फिरत राहिले, चाके मात्र थांबली आणि ट्रॉली मागे सरू लागली. पोत्यांवर बसलेल्या दोन मजूर बायांनी उड्या टाकल्या. ट्रॉली रस्त्याच्या कडेच्या चारीत कलंडली. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. पण एकीचा हात मोडला, ऐन हंगामातील नऊ दिवसांचे भाडे बुडाले आणि पोती भिजली ती निराळीच.

“साहेब, प्लेटच कमजोर येते आता,” ते म्हणाले. “दुकानदार म्हणतो, भारी स्प्रिंगची प्रेशर प्लेट आणि सिरॅमिकची क्लचप्लेट टाका, मग पुन्हा पाहावे लागणार नाही. पैसे दुप्पट लागतात. टाकू का?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र “होय” किंवा “नाही” अशा एका शब्दात देण्याजोगे नव्हते. ओढकाम करणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरधारकांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी या विषयाची मूलतत्त्वे समजून घ्यावी, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

क्लचचे कार्य

इंजिन सुरू झाल्यावर ते सतत फिरत असते. चाके मात्र उभी असतात. फिरत्या वस्तूला उभ्या वस्तूशी एकदम जोडले, तर एक तर इंजिन बंद पडेल किंवा काही तरी मोडेल. क्लच ही जोडणी हळूहळू घडवून आणतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक तबकडी दाबली जाते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षण करणारे अस्तर असते. तिला आपण क्लचप्लेट म्हणतो. तिच्यामागे कमानींच्या जोरावर दाब देणारी प्रेशर प्लेट असते. पेडल दाबले म्हणजे रिलीज बेअरिंग पुढे सरकते, कमानींचा दाब सुटतो व क्लचप्लेट मोकळी होते. पेडल सोडले की दाब पुन्हा बसतो. दाब बसत असताना प्लेट क्षणभर घसरते आणि मग फ्लायव्हीलबरोबर एकजीव होऊन फिरू लागते.

या क्षणभराच्या घसरण्यातच सारे मर्म आहे. घसरल्यावाचून गाडी सावकाश सुटणार नाही, आणि अधिक वेळ घसरली तर अस्तर जळल्यावाचून राहणार नाही.

किती जोर पेलावा लागतो?

इंजिनाचा पिळाचा जोर काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. अश्वशक्तीला ७१६ ने गुणावे आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे. उत्तर किलोग्रॅम-मीटरमध्ये येते. ४५ अश्वशक्तीचे इंजिन २००० फेऱ्यांवर चालत असेल, तर हा जोर सुमारे १६ किलोग्रॅम-मीटर होतो. भार वाढून इंजिनाच्या फेऱ्या कमी झाल्या, की हाच जोर १९-२० पर्यंत चढतो. डिझेल इंजिनाचा हा गुणच आहे, आणि म्हणूनच ते ओढकामास योग्य ठरते.

शेतीच्या ट्रॅक्टरचा क्लच या जोराच्या साधारणतः दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक भार पेलू शकेल असा बनविलेला असतो. मोटारीत एवढी राखीव ताकद ठेवीत नाहीत. नांगर, ट्रॉली व मळणी यंत्र यांचे झटके ध्यानी घेऊन ट्रॅक्टरात ती ठेवावी लागते. म्हणजे आपल्या उदाहरणात क्लचने ३८ ते ४० किलोग्रॅम-मीटर जोर न घसरता पेलला पाहिजे.

आता क्लचची ताकद कशावर अवलंबून असते ते पाहू. ती चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, अस्तराचा घर्षणांक, कमानींचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. एका प्लेटीला दोन पृष्ठभाग असतात. साध्या अस्तराचा घर्षणांक सुमारे ०.३ धरावा. प्लेटीचा बाहेरचा व्यास २८० मिलिमीटर व आतला १६५ मिलिमीटर असेल, तर सरासरी त्रिज्या ०.१११ मीटर येते. कमानींचा दाब ५८० किलोग्रॅम असला, तर २ × ०.३ × ५८० × ०.१११ म्हणजे सुमारे ३८.६ किलोग्रॅम-मीटर ताकद मिळते. गरज भागली! म्हणजे कारखान्यातून आलेला, योग्य मापाचा व सुस्थितीतील क्लच आपल्या इंजिनाला पुरून उरतो. मग तो जळतो का?

जोर आणि उष्णता या दोन गोष्टी निराळ्या

येथेच बहुतेकांची गफलत होते. क्लच जळतो तो बहुधा जोर कमी पडल्याने नव्हे, तर उष्णता साचल्याने. ट्रॅक्टर, ट्रॉली व माल मिळून आठ टन वजन आहे असे समजा. सपाट रस्त्यावर हा भार उभ्या स्थितीतून हलविताना, जितकी गतिशक्ती गाडीला मिळते निदान तितकीच शक्ती क्लचमध्ये उष्णतारूपाने खर्च होते. सुटताना सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरच्या सुमाराचा हळू गिअर टाकला, तर ही उष्णता ४,००० जूल होते. तोच भार घाईने सेकंदाला चार मीटर वेगाच्या गिअरमध्ये सोडला, तर ती ६४,००० जूल होते. वेग चौपट, पण उष्णता सोळापट! प्लेट तीच, भार तोच, रस्ताही तोच. फरक केवळ चालकाने निवडलेल्या गिअरचा.

चढावरील उदाहरण याहूनही बोलके आहे. वीस फुटांस एक फूट अशा चढावर हीच गाडी ब्रेक न लावता अर्धा क्लच दाबून जागच्या जागी धरून ठेवली, तर हळू गिअरमध्येही सुमारे दोन किलोवॉट उष्णता क्लचच्या घरात निर्माण होते. घरातील विजेची शेगडी क्लचच्या बंद पेटीत ठेवून पेटविल्यासारखेच हे होय. मोठ्या गिअरमध्ये ती शेगडी चौपट होते. साधे अस्तर अडीचशे ते तीनशे अंश तापमानापुढे आपला गुण सोडू लागते. ते काचेसारखे गुळगुळीत होते, जळका वास येतो, घर्षण घटते, अधिक घसरते आणि त्यामुळे आणखी तापते. असे हे दुष्टचक्र आहे.

भार ओढण्यास लागणारी ताकदही जागेनुसार बदलते. वरील आठ टनांस सपाट डांबरी रस्त्यावर सुमारे १६० ते २०० किलोग्रॅम ओढ पुरते. वीस फुटांस एक फूट चढ आला की त्यात आणखी ४०० किलोग्रॅम मिळवावे लागतात. आणि आपल्या काळ्या भारी जमिनीत, वाफसा नसताना, ओल्या वावरातून ट्रॉली काढावयाची झाली तर ८०० किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक ओढ लागू शकते. म्हणून ट्रॉली वावरात पूर्ण भरण्याऐवजी अर्धी भरून धुऱ्यावरील कठीण जागी आणावी व तेथे उरलेला माल चढवावा. यात दोन फेऱ्यांचे श्रम वाढतात, पण क्लचचे आयुष्यही वाढते.

भारी क्लच म्हणजे नेमके काय?

बाजारात “भारी” किंवा “हेवी ड्यूटी” या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यांतील आपण कोणती घेत आहो हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.

पहिला प्रकार अधिक दाबाच्या कमानींचा. दाब वाढला की ताकद त्याच प्रमाणात वाढते. परंतु पेडल जड होते. दिवसभर फेऱ्या करणाऱ्या चालकाचा पाय दुखू लागतो आणि मग तो पेडल पुरते न दाबताच गिअर टाकतो. रिलीज बेअरिंग, तिचा काटा व इंजिनाच्या दांड्याचे थ्रस्ट वॉशर यांवरही वाढीव भार पडतो.

दुसरा प्रकार मोठ्या व्यासाच्या प्लेटीचा. २८० ऐवजी ३१० मिलिमीटरची प्लेट घेतली आणि आतला व्यास १९० मिलिमीटर असला, तर सरासरी त्रिज्या १११ वरून १२५ मिलिमीटर होते व ताकद सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढते. शिवाय उष्णता पसरण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो. हा सर्वांत सौम्य व उत्तम उपाय आहे. मात्र फ्लायव्हीलवर तेवढी जागा, बोल्टची छिद्रे व क्लचच्या घरात मोकळीक असली पाहिजे. त्यामुळे निर्मात्याने त्याच ट्रॅक्टरसाठी मोठा क्लच दिलेला असेल, तरच हा मार्ग खुला असतो.

तिसरा प्रकार अस्तर बदलण्याचा. धातूची पूड व सिरॅमिक पदार्थ एकत्र भाजून केलेल्या वड्या प्लेटीवर बसविलेल्या असतात. बाजारात हिलाच सिरॅमिक प्लेट म्हणतात. हिचा घर्षणांक साध्या अस्तराहून अधिक असतो व ती पुष्कळ जास्त उष्णता सहन करते. वरील हिशेबात घर्षणांक ०.३ ऐवजी ०.४ धरला, तर ताकद ३८.६ वरून सुमारे ५१.५ किलोग्रॅम-मीटर होते, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. पण हिची पकड एकदम बसते. साधी प्लेट गाडीला हळू उचलते, तर ही हिसका देते. सवय नसलेल्या चालकाच्या हाती तो हिसका गिअरबॉक्स, मागचे दांडे व ट्रॉलीचा हूक यांना बसतो. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांचे पृष्ठभागही अधिक झिजण्याचा संभव असतो.

चौथा प्रकार एकाहून अधिक प्लेटींचा. अमेरिका व युरोपात जड वजन ओढण्याच्या शर्यती होतात. त्यांत डिझेल ट्रक व ट्रॅक्टर सुमारे १०० मीटर लांबीच्या पट्ट्यावर, पुढे जाताना अधिकाधिक जड होत जाणारी घसरगाडी ओढतात. त्या वाहनांत अनेक प्लेटींचे, भाजलेल्या धातूच्या अस्तराचे क्लच वापरतात. तेथे इंजिनाची ताकद मूळच्या कित्येक पट वाढविलेली असते व एका धावेचे काम मिनिटाच्या आत संपते. प्रत्येक शर्यतीनंतर क्लच उघडून पाहतात. आपला ट्रॅक्टर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शेकडो वेळा थांबतो व सुटतो. तेव्हा शर्यतीचा क्लच शेतीस आणणे म्हणजे शर्यतीचा खोंड औताला जुंपण्यासारखे आहे. तो धावेल, पण तास धरणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मर्यादेपलीकडे झटका बसला असता क्लच थोडा घसरून मागची यंत्रणा वाचवितो. विजेच्या फ्यूजसारखेच हे काम आहे. फ्यूजच्या जागी जाड तार बसविली तर दिवा विझत नाही, पण घर पेटते. तद्वत क्लच गरजेपेक्षा फार भारी केला, तर प्लेट शाबूत राहून गिअरचे दाते तुटतात. प्लेटीचा खर्च आणि गिअरबॉक्सचा खर्च यांची तुलना ज्याची त्याने करावी.

एकेरी की दुहेरी?

क्लच घेताना आपले मुख्य काम कोणते, याचाही विचार झाला पाहिजे. केवळ नांगरट, वखरणी व वाहतूक करणाऱ्यास एका प्लेटीचा एकेरी क्लच पुरेसा आहे. त्यात भाग कमी, खर्चही कमी. पण रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालविणाऱ्यास दुहेरी क्लच सोयीचा पडतो. त्यात एकाच पेडलाला दोन टप्पे असतात. अर्धे दाबले की चाके थांबतात, पण पी.टी.ओ. फिरत राहतो, पूर्ण दाबले की दोन्ही थांबतात. रोटाव्हेटर फिरत असतानाच गिअर बदलता आल्याने काम खंडित होत नाही. काही ट्रॅक्टरांत पी.टी.ओ.साठी हाताच्या दांडीने चालणारा स्वतंत्र क्लच असतो. तो पी.टी.ओ.च्या सततच्या कामास अधिक सोयीचा होय.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्या बांधवांनी विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागावा. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रसामग्रीची संस्था असून तेथे ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. अहवालात पी.टी.ओ.वरील शक्ती व ड्रॉबारवरील ओढ यांचे आकडे असतात. चाचणीनंतर उघडून पाहिलेल्या भागांच्या झिजेची नोंदही असते. जाहिरातीतील रंगीत चित्रापेक्षा हे आकडे अधिक खरे बोलतात.

जळक्या प्लेटीची साक्ष

आता आपल्या शेतकरी बंधूंच्या ट्रॅक्टरकडे वळू. नवीन क्लच घेण्यापूर्वी जुना नीट पाहू, असे मी त्यांना सुचविले. मिस्त्रीने ट्रॅक्टर मधोमध उघडला. प्लेट बाहेर काढली तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, प्लेटीच्या एका अंगावर तेलाचा ओलसर काळा थर होता. फ्लायव्हीलमागचे ऑईल सील गळत होते. तेल लागलेल्या अस्तराचा घर्षणांक पार उतरतो. मग कमानी कितीही बळकट असोत, प्लेट घसरणारच.

दुसरी, पेडलाला मोकळी हालचाल मुळीच नव्हती. पेडल दाबू लागताच रिलीज बेअरिंग काम करू लागण्यापूर्वी थोडे अंतर सैल असावे लागते. बहुतेक ट्रॅक्टरांत ते २० ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात पाहावा. अस्तर झिजत जाते तसतसे हे अंतर कमी होते व ते वेळोवेळी जुळवावे लागते. येथे ते शून्यावर आले होते, म्हणून क्लच सदैव थोडा दाबलेलाच राहत होता. त्यात भर म्हणून चालकाला पाय पेडलावर टेकवून ठेवण्याची सवय होती.

तिसरी, फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर निळसर डाग व बारीक तडे होते. ही अति तापल्याची खूण होय. आधीची प्लेट बदलताना या पृष्ठभागाकडे कोणी पाहिलेच नव्हते.

ते थोडा वेळ प्लेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे साहेब, भारी क्लच टाकला असता तरी तेल त्याच्यावरही गळलेच असते.” त्यांनी एका वाक्यात सारा लेख सांगितला!

अखेर काय बसविले? त्यांचा व्यवसाय वाहतुकीचा, फेऱ्या पुष्कळ आणि वाट चढ-उताराची. म्हणून निर्मात्याने त्याच ट्रॅक्टरसाठी दिलेला मोठ्या व्यासाचा संच मिळतो काय, हे प्रथम पाहिले. त्यांच्या फ्लायव्हीलवर तो बसत नव्हता. सिरॅमिक प्लेटीचा विचार त्यांनी स्वतःच सोडला, कारण ट्रॅक्टर त्यांचा सतरा वर्षे जुना असून गिअरबॉक्सही थकलेला होता. मूळ मापाची, बिनॲस्बेस्टॉस अस्तराची उत्तम प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवे रिलीज व पायलट बेअरिंग आणि नवे ऑईल सील बसविले. फ्लायव्हील कारखान्यात तासून घेतले. दुकानदाराने सांगितलेल्या भारी संचाच्या किमतीपेक्षा हा खर्च थोडा कमीच झाला. पुढचा संपूर्ण हंगाम ट्रॅक्टरने विनातक्रार काम केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चालकाचा पाय आता पेडलावर नसतो.

याचा अर्थ सिरॅमिक प्लेट वाईट, असा कोणी करू नये. ५० अश्वशक्तीहून मोठा, नवा, मजबूत गिअरबॉक्सचा ट्रॅक्टर असेल, काम सतत जड ओढीचे असेल, चालक कसलेला असेल आणि निर्मात्याने त्या ट्रॅक्टरास तशी प्लेट मान्य केली असेल, तर ती अवश्य घ्यावी. जुन्या ट्रॅक्टरास, शिकाऊ चालकाच्या हाती किंवा दुसरा दोष झाकण्यासाठी ती घेऊ नये.

खरेदी व जोडणीच्या वेळी

१. प्लेटीचा व्यास, मधल्या छिद्रातील खाचांची संख्या व जाडी जुन्या प्लेटीशी ताडून पाहावी. जुन्या प्लेटीच्या मध्यभागी झटके शोषणाऱ्या कमानी असतील, तर नव्या प्लेटीतही त्या असाव्यात.

२. ट्रॅक्टर उघडण्याची मजुरी व बुडालेले दिवस हा मोठा खर्च आहे. म्हणून एकदा उघडल्यावर बेअरिंगे व ऑईल सील यांत काटकसर करू नये. प्रेशर प्लेटीच्या कमानी तापून निळ्या पडल्या असतील, तर तीही बदलावी.

३. फ्लायव्हीलवर डाग, तडे किंवा चऱ्या असतील तर तासून घ्यावे. तडे खोल असतील तर ते बदलावे.

४. प्लेटीवर फ्लायव्हीलकडची बाजू दर्शविलेली असते, ती उलटी बसवू नये. प्लेट मध्यभागी धरून बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे.

५. अस्तरास ग्रीस वा तेलाचा हात लावू नये. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. क्लचचे घर हवेच्या झोताने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून काढावे व मुलांना दूर ठेवावे.

६. पक्की पावती व हमीपत्र घ्यावे. नामांकित वेष्टनात बनावट मालही येतो, म्हणून मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

चालकाने पाळावयाचे नियम

भरलेली ट्रॉली नेहमी हळू गिअरमध्ये सोडावी. सुटल्यावर पाय पेडलावरून काढून बाजूस ठेवावा. चढावर थांबावे लागल्यास ब्रेक लावावा, क्लचवर गाडी तोलून धरू नये. रुतलेली ट्रॉली काढण्यासाठी पेडल झटक्याने सोडू नये, भार उतरवावा.

क्लच घसरतो की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी. सपाट जागी, पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करून, हातब्रेक लावावा. वरचा गिअर टाकून इंजिन बेताच्या फेऱ्यांवर ठेवावे व पेडल हळू सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडेल. ते फिरतच राहिले तर क्लच घसरत आहे असे समजावे. ही परीक्षा एकदाच करावी, वारंवार केल्यास चांगला क्लचही तापेल. उलट, पेडल पूर्ण दाबून क्षणभर थांबल्यावरही रिव्हर्स गिअर करकर वाजून पडत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असे जाणावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम उताराचा आहे. घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी क्लच दाबून किंवा गिअर काढून गाडी सोडणारे चालक आढळतात. असे केल्याने इंजिनाचा रोध नाहीसा होतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचा सारा भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो, ब्रेक तापतात आणि मग गिअर पुन्हा पडत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. आपली ही वाट पायी चालणाऱ्यांचीही आहे. पंढरपूरहून परतणारी शेगावची पालखी याच मार्गाने जाते, शाळेची मुले याच कडेने चालतात. भरल्या ट्रॉलीवर माणसे बसविण्याची चाल तर सर्वथा सोडून दिली पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती की, हंगामापूर्वी एखाद्या दिवशी गावातील ट्रॅक्टरचालकांना पारावर एकत्र करावे. कोणाकडे जळकी प्लेट पडलेली असेल तर ती आणावी व सर्वांच्या हाती द्यावी. पेडलाचे मोकळे अंतर मोजपट्टीने मोजून दाखवावे. ज्यांच्या ट्रॅक्टरचे अंतर संपलेले आढळेल, त्यांनी ते तेथेच जुळवून घ्यावे. तासाभराच्या या कामास पाना आणि मोजपट्टी यांपलीकडे काहीच लागत नाही.

आमच्या त्या शेतकरी बंधूंनी आपली जळकी प्लेट फेकली नाही. ती ट्रॅक्टरच्या पत्र्याखाली, चालकाला दिसेल अशा जागी तारेने बांधून ठेवली आहे. नवा चालक कामावर आला, की ते त्याला प्रथम ती दाखवितात आणि मगच किल्ली हाती देतात.